मशीननं शॉक का दिला, ते मशीनलाच विचारा

यावेळचं पत्र निपाणीच्या बाजूच्या एका खेड्यातनं आलंय, सुनेनं लिहिलंय. नाव छापू नका म्हणालीय, लांब होतं म्हणून थोडं कापून देते.

"सिस्टर, आमचे मामा म्हणजे माझे सासरे, वय ६१. दोन वर्षांमागं हार्ट अटॅक आला तेव्हा निभावलं, पण पंपिंग ३० टक्केच राहिलंय म्हणून सांगितलेत. यंदा ऊस तुटायच्या टायमाला रानात चक्कर येऊन पडले, आम्ही कोल्हापूरला नेलो, तिथं ठोके एकदम २०० वर जातात म्हणून डाव्या बाजूला छातीत मशीन बसवलेत. त्याला दोन महिने झाले. पंधरा दिवसांमागं संध्याकाळी मोटर चालू करायला गेले, ओल्या हातानं स्टार्टरला हात लावले आणि छातीत बैलानं लाथ घातल्यासारखं झालं म्हणाले. खाली बसले, मग उठून आपले आपण चालत घरी आले. तेव्हापासनं रानात पाय ठेवले नाहीत. डावा हात अजून गळ्यात बांधलेलाच आहे. आत्या, म्हणजे सासूबाई, नातवाला मांडीवर बसू देत नाहीत, पोराला करंट लागंल म्हणून. मिक्सर लावायचा तर मामा अंगणात गेल्यावरच. दिरांचं वेल्डिंगचं दुकान आहे, ते म्हणतात मशीनच खराब, काढून टाकूया. शेजारचे म्हणतात असलं मशीन असलं की माणसाचा जीव सुखानं जात नाही, शॉक देऊन देऊन उठवत राहतंय. ते ऐकल्यापासनं मामा रात्री झोपत नाहीत. रानाला डुकरांसाठी झटका मशीनची तार आहे, तिची वेगळी भीती. खर्च एवढा झालाय की पुढचं बोलायची हिंमत नाही. काय करायचं सांगा."

बाळ, आधी मला एक सांग, शॉक आल्यावर मामांना त्या मशीनच्या क्लिनिकला कुणी घेऊन गेलं का? पत्रात दीर आहेत, शेजारी आहेत, मिक्सर आहे, डुकरं पण आहेत, पण "दाखवून आलो" हे कुठं सापडलं नाही. पंधरा दिवस सगळं घर एकच विचार करत बसलंय की शॉक कशानं आला, मोटरनं की मोबाइलनं की मशीन बिघडल्यानं, आणि त्याचं उत्तर मामांच्या छातीतच लिहून ठेवलेलं आहे. हे मशीन, आयसीडी म्हणतात त्याला, भडकलेले ठोके जाग्यावर आणणारं, ते नुसतं शॉक देत नाही, हिशोब पण ठेवतंय. कुठल्या तारखेला किती वाजता ठोके किती झाले, मशीननं काय केलं, त्यानंतर ठोके जाग्यावर आले का, आणि त्या वेळचा ईसीजीसारखा आलेख, हे सगळं आत साठवलेलं असतं. क्लिनिकमध्ये लॅपटॉपसारखं एक यंत्र असतं, त्याला प्रोग्रॅमर म्हणतात, त्याची वायर लावलेली चपटी वस्तू छातीवर कापडावरनंच ठेवतात आणि सगळं स्क्रीनवर येतं. सुई नाही, काप नाही, दुखणं नाही, थोड्या मिनिटांचं काम. आणि उशीर करू नका, त्या मेमरीला जागा मर्यादित असते, नवीन नवीन घटना साठल्या तर जुनी पुसली जाऊ शकते.

आता तिथं काय काय निघू शकतं ते सांगते. मी डॉक्टर नव्हे, सीसीयूत, म्हणजे हृदयाच्या आयसीयूत, सिस्टर म्हणून आयुष्य गेलं माझं, पण असल्या पेशंटांच्या उशाशी बसून बरंच बघितलंय.

एक म्हणजे खरंच ठोके भडकले असतील. अटॅकमध्ये हृदयाचा जो भाग मेला तिथं व्रण राहतो, त्या व्रणाच्या कडेकडेनं करंट गोल गोल फिरायला लागतो आणि हृदयाचा खालचा कप्पा मिनिटाला १८०-२०० वेळा धडधडायला लागतो. त्याला व्हीटी म्हणतात. एवढ्या घाईत कप्प्यात रक्त भरायलाच वेळ मिळत नाही, मग बीपी पडतो, डोळ्यापुढं अंधार येतो. मामा रानात पडले ते ह्यानंच. आणि हेच बिघडून नुसतं थरथरणं सुरू झालं, व्हीएफ म्हणतात त्याला, तर रक्त पुढं जाणंच थांबतं, आणि मग शॉक मिळायला एकेक मिनिट उशीर होईल तसा वाचायचा चान्स ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जातो. तुमच्या रानात १०८ किती मिनिटांत पोचती ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून हे मशीन. चार्ज होऊन शॉक द्यायला त्याला साधारण १० सेकंदांच्या आसपास लागतात. शॉक आला ह्याच कारणानं असेल तर मशीन खराब नव्हे, त्या दिवशी मामा चालत घरी आले ते मशीननंच आणलं.

दुसरं, आणि मला तुझं पत्र वाचताना हेच जास्त खटकलं, ओला हात आणि स्टार्टर. मोटरच्या स्टार्टरचं अर्थिंग नीट नसेल तर पेटीच्या पत्र्यावर थोडा करंट गळत असतो. तो इतका बारीक असू शकतो की माणसाला जेमतेम जाणवतो किंवा जाणवत पण नाही, पण मशीनपासनं हृदयात गेलेल्या वायरला तो ऐकू येतो. आपल्या लाइनचा करंट ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारा, मशीनला वाटतं ही हृदयाचीच थरथर आहे आणि ते शॉक मारतं. चुकीचा शॉक. माणूस शुद्धीवर, ठोके चांगले, आणि तरी लाथ बसते. हे जगभर डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं आहे, वॉशिंग मशीनपासनं पंपापर्यंत. स्क्रीनवर तो आलेख बघितल्या बघितल्या जाणकाराला कळतंय, कारण हृदय असली एकसारखी बारीक दातेरी रेघ कधीच काढत नाही.

तिसरं त्याहून साधं. मामांना स्टार्टरचाच शॉक बसला असेल आणि मशीननं काहीच केलं नसेल. हसू नको, असं होतंय. काहींना तर झोपेत शॉक आल्यासारखा वाटतो, घाबरून येतात, मशीन तपासलं तर शॉक दिल्याची नोंदच नसते. ते खोटं बोलत नसतात, मनानं धरलेला धसका असतो तो.

चौथं, वायर. बसवून दोनच महिने झालेत, वायर थोडी सरकली असेल, जोडणीत ढिली असेल, किंवा ठोके वाढण्याचं कारण वरच्या कप्प्यातलं साधं असेल आणि मशीनला ते धोक्याचं वाटलं असेल. बऱ्याचदा नुसतं सेटिंग बदलून भागतं, छातीला हात न लावता, वायरच सरकली असेल तर मात्र ती परत नीट बसवावी लागते.

आता तूच बघ, चार कारणं, चारांचे उपाय वेगवेगळे. पहिल्यात गोळ्या बदलतील, नाहीतर कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून व्रणाजवळचा तो रस्ताच जाळून बंद करतात, अॅब्लेशन म्हणतात. दुसऱ्यात डॉक्टर नको, इलेक्ट्रिशियन पाहिजे. तिसऱ्यात इलेक्ट्रिशियन पाहिजे आणि मामांना धीर पाहिजे. चौथ्यात सेटिंग किंवा वायर. आणि दिरांचा उपाय, काढून टाकूया, तो ह्यातल्या एकालाही लागू नाही. दिरांना म्हणावं भाऊजी, तुमच्या दुकानात होल्डरनं ठिणगी मारली तर तुम्ही आधी वायर बघता का मशीन भंगारात घालता?

गावात तुम्ही पेसमेकर बसवलाय म्हणून सांगितलं असणार, सगळेच सांगतात. पेसमेकर ठोके कमी पडले तर ढकलतो. मामांचं आहे ते आयसीडी, ते कमी पडले तर ढकलू शकतं आणि भडकले तर आवरतं. आवरायला प्रत्येक वेळी शॉकच लागतो असं पण नव्हे. व्हीटी असेल तर आधी ते हृदयापेक्षा थोडं फास्ट बारीक बारीक टोचे देऊन तो गोल फिरणारा करंट मध्येच तोडायला बघतं, बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं आणि पेशंटला पत्ता पण नसतो. नाही जमलं किंवा व्हीएफच असेल तर मग ३५-४० ज्यूलपर्यंतचा शॉक. क्लिनिकला गेल्यावर हे पण विचार, शॉकाशिवाय किती वेळा आवरलं म्हणून. कधी कधी आकडा ऐकून घरच्यांचं तोंड उघडंच राहतं.

पंपिंगचं पण एकदा डोक्यात बसवून घ्या, कारण ३० टक्के ऐकलं की लोक म्हणतात सत्तर टक्के हार्ट गेलं. तसं नव्हे, खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर पडतं तो आकडा आहे हा. चांगल्या धडधाकट माणसाचं पण ५५-६५ च असतं, शंभर कुणाचंच नसतं. ३५ किंवा त्याच्या खाली राहिलं की असले ठोके भडकायचा धोका वाढतो.

ह्या मशीनची गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण तुमच्या घरात आत्ता बरोबर उलटं चाललंय. मिशेल मिरोव्स्की नावाचे डॉक्टर होते, जन्म पोलंडमधला, नंतर इस्रायलमध्ये काम करायचे. त्यांच्या वरच्या डॉक्टरांना, हॅरी हेलर त्यांचं नाव, असेच व्हीटीचे झटके यायचे. त्यांना जन्मभर दवाखान्यात मॉनिटरला जोडून ठेवणं शक्य नव्हतं आणि घरी पाठवलं तर शॉक देणारं कोण, म्हणून मिरोव्स्की विचार करत राहिले. हेलर १९६६ ला गेले. मग मिरोव्स्की अमेरिकेत गेले, मोठे मोठे लोक म्हणाले हे होणार नाही, तरी मॉर्टन मोवर आणि बाकीच्या सोबत्यांबरोबर करत राहिले आणि ४ फेब्रुवारी १९८० ला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात पहिल्या माणसात मशीन बसलं. त्या वेळी छाती उघडावी लागायची आणि मशीन एवढं मोठं की पोटात ठेवायचे, आता १०० ग्रॅमच्या आतलं असतं आणि वायर शिरेतनं जाते. मुद्दा काय, माणसाला दवाखान्यातनं बाहेर काढून त्याच्या घरी, त्याच्या कामावर पाठवायचं म्हणून हे मशीन जन्माला आलं, आणि तुम्ही मशीन बसवून घराचाच दवाखाना केलाय.

त्यामुळं आधी तो हात सोडा. बसवल्यावर ४ ते ६ आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, कारण वायर आत रुजायला वेळ लागतो. पण बांधून ठेवा म्हणून कुणी सांगत नसतं, आणि दोन महिने बांधून ठेवला तर खांदा गोठतो, मग आंघोळीला लोटा वर जात नाही आणि परत सगळे म्हणणार बघा मशीननं हात गेला. क्लिनिकला वायर जाग्यावर आहे म्हणाले की त्याच दिवसापासनं हळूहळू हलवायला लावा.

नातवाला आजच मांडीवर बसवा. शॉक येताना कुणी अंगाला हात लावून असलं तर त्याला फार फार तर बारीक झिणझिणी जाणवेल, इजा होत नाही, पोराला पण नाही. आत्यांना पण सांग, शेजारी झोपायला काही हरकत नाही, त्या विचारणार नाहीत म्हणून मीच सांगते.

मिक्सर, टीव्ही, फ्रिज, ग्राइंडर, पंखा, अर्थिंग नीट असलं की काही होत नाही. इंडक्शनची शेगडी असेल तर चालू असताना दोन फूट लांब राहायचं. मोबाइल वापरायचा, फक्त डाव्या खिशात ठेवायचा नाही आणि उजव्या कानाला लावायचा, मशीन आणि मोबाइल ह्यात वीतभर म्हणजे १५ सेंटीमीटर अंतर असलं की झालं. खरं जपायचं ते चुंबकाला. काही मोबाइलच्या मागं आणि त्या कानात घालायच्या बड्सच्या डबीत पण चुंबक असतो. मोठा चुंबक मशीनजवळ आला तर शॉक येत नाही, उलट तो आहे तोपर्यंत मशीन शॉक द्यायचंच थांबतं, आणि ते जास्त वाईट. आपल्याकडं कंबरदुखीला चुंबकाचा पट्टा आणि चुंबकाची गादी विकायला येतात, चहा पाजून गोड बोलून गळ्यात मारतात, तसलं काही घरात असेल तर मामांपासनं लांब. आणि गणपतीत डॉल्बीच्या भिंतीला टेकून उभं राहायचं नाही, स्पीकरमध्ये केवढाले चुंबक असतात. लांबनं बघा, कान पण वाचतील.

दिरांच्या दुकानात गप्पा मारायला बाहेरच्या कट्ट्यावर बसू देत, पण वेल्डिंग चालू असताना आत जायचं नाही आणि स्वतः होल्डर धरायचा तर अजिबात नाही. झटक्याची तार चालू असताना हात लावायचा नाही, एवढाच नियम. तारेजवळ काम असेल तर आधी झटका मशीन बंद, मग काम, आणि बंद करायचं काम पण दुसऱ्यानं केलेलं बरं. तारेच्या बाजूनं चालत गेलं तर काही होत नाही, फूटभर अंतर ठेवलं की बस. चालू इंजिनाचं झाकण उघडून त्यावर वाकायचं नाही, ट्रॅक्टरचं असो की गाडीचं. एअरपोर्टला किंवा देवळात मेटल डिटेक्टरची चौकट असली तर मशीनबरोबर मिळालेलं कार्ड दाखवायचं आणि न थांबता आतनं निघून जायचं, हातातली दांडी छातीवर फिरवू द्यायची नाही. कुठल्याही दवाखान्यात एमआरआय म्हणाले की आधी कार्ड दाखवायचं, काही मशीनना चालतं, पण आधी सेटिंग करावं लागतं.

गाडी मात्र सध्या नाही. बाइक पण नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. ह्यात करंटचा काही संबंध नाही, शॉक यायच्या आधीच्या त्या दहा सेकंदांत शुद्ध गेली तर काय, हा प्रश्न आहे. खरा व्हीटीचा शॉक असेल तर साधारण ३ ते ६ महिने थांबायला सांगतात, नेमकं त्यांच्या डॉक्टरांकडनं घ्या. एकट्यानं विहिरीत उतरणं, वेदगंगेत पोहणं, झाडावर चढणं, हे पण त्याच कारणानं नाही.

बाकी रान? जाऊ देत की! पंपिंग ३० चं आहे म्हणजे पोती उचलायची नाहीत, दुपारच्या उन्हात राबायचं नाही, दम लागला की बसायचं, पण बांधावरनं फेरी मारायला, गड्यांना ओरडायला, वैरण काढायला कुणाची ना नाही. क्रिश्चन एरिक्सन म्हणून डेन्मार्कचा फुटबॉलवाला, जून २०२१ मध्ये कोपनहेगनला चालू मॅचमध्ये पडला, हृदय थांबलं होतं, मैदानातच शॉक देऊन उठवला, हेच मशीन बसवलं, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये परत खेळायला लागला, ब्रेंटफर्डकडनं आणि मग मँचेस्टर युनायटेडकडनं. तो २९ वर्षांचा होता, मामा नाहीत, हे मला पण कळतंय. पण तो धावतो तर मामा बांधावरनं चालू शकतात.

आता शॉक परत आला तर काय, हे घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे, एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. एक शॉक आला आणि नंतर बरं वाटतंय, तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन आणि ते सांगतील तेव्हा दाखवायचं, पंधरा दिवस बसायचं नाही. २४ तासांत दोन किंवा जास्त आले, किंवा एकच आला पण छातीत दुखतंय, दम लागलाय, चक्कर आहे, तर वाट बघायची नाही, १०८. फोनवर कन्नडमध्ये बोलायची पाळी आली आणि घाबरून शब्द सुचेनात तर एवढं म्हण, एदेयल्लि शॉक मशीन इदे, म्हणजे छातीत शॉक मशीन आहे. तेवढ्यावर त्यांना कळतंय. आणि मामा पडले, हाक मारून उठत नाहीत, श्वास नीट नाही, तर मशीन आहे म्हणून बघत राहायचं नाही, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरू, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल, दमला की दुसऱ्यानं. तुम्हाला करंट लागून काही होणार नाही. तुझ्या नवऱ्यानं आणि दिरानं हे शिकून घ्यावं, कोल्हापूरला जाताय तर तिथल्या सिस्टरलाच दाखवा म्हणावं, कुणी नाही म्हणत नाही.

काही मशीन बॅटरी संपत आली किंवा वायरमध्ये काही झालं की छातीतनं बीप वाजवतात, काही थरथरतात. तसं काही जाणवलं तर फोन. मशीनच्या जागी लाल झालं, सुजलं, पाणी आलं तर त्याच दिवशी गाठायचं, हळद लावायची नाही आणि गावातल्या डॉक्टरनं सुई घालून पाणी काढतो म्हणलं तर हात जोडून घरी यायचं.

गोळ्यांचं तू काहीच लिहिली नाहीस, म्हणून शंका येते. मशीन बसलं आता गोळ्या कशाला, असं घराघरात होतंय. मशीन आग लागल्यावर विझवतं, आग लागू न द्यायचं काम गोळ्यांचं. चुकल्या की ठोके भडकतात. जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी झालं की पण भडकतात, उन्हाळ्यात ध्यान ठेवा. आणि सर्दी-खोकल्याला दुकानातनं अँटिबायोटिक आणताना पण विचारून, काही गोळ्या ठोक्यांना चालत नाहीत. तंबाखूचं मी निपाणीच्या माणसाला काय सांगणार, पण सांगते, मळणं बंद. मामांना म्हणावं पिकवा, विका, तोंडात घालू नका.

मामांची भीती हा मोठा आजार आहे, मशीनपेक्षा मोठा. शॉक आला ती जागा, ती वेळ, ते काम, माणूस तिथं परत जात नाही, मग रानात नाही, मग दारात नाही, मग खाटेवरनं उठायचं नाही. शॉक खाल्लेल्या लय जणांचं असं होतंय, त्यात कमीपणा काही नाही. ह्याला उपदेश चालत नाही. आधी क्लिनिकला शॉकचं कारण कळू दे, कारण कळलं की अर्धी भीती तिथंच उतरते, मग तू आणि नातू त्यांना घेऊन बांधापर्यंत जाऊन या, मोटरच्या बाजूला नको, नुसतं ऊस बघून यायचं. चार दिवसांनी थोडं पुढं. तरी झोप नसेल, जेवण नसेल, रडू येत असेल तर मनाच्या डॉक्टरला दाखवायला लाजू नका, फक्त तिथं मशीनचं कार्ड दाखवा, कारण झोपेच्या आणि मनाच्या काही गोळ्या हृदयाच्या डॉक्टरला विचारून द्याव्या लागतात.

शेजाऱ्यांचं ते जीव न जाण्याचं. माझं सरळ उत्तर, हे मशीन कुणाला मरणापासनं कायमचं अडवून ठेवू शकत नाही. भडकलेले ठोके जाग्यावर आणणं एवढंच त्याचं काम. शरीर थकलं, हृदयाचं स्नायूच चालेना, तर मशीनच्या टोच्याला ते जुमानत नाही. एक मात्र खरं आहे आणि ते लपवायला नको, शेवटच्या आजारात, म्हणजे आता ह्यातनं उठणार नाहीत असं ठरल्यावर, कधी कधी ठोके भडकून शॉक येऊ शकतात आणि त्याचा त्रास होतो. म्हणून तशा वेळी शॉकचा भाग बंद करता येतो, त्याच प्रोग्रॅमरनं, ऑपरेशन नाही. ते बंद केलं म्हणजे जीव घेतला असं नव्हे, आणि ते बंद केल्या केल्या कुणी मरत पण नाही. हे तुम्ही मामांच्या मागं कुजबुजण्यापेक्षा त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा, त्यांच्या मनातला प्रश्न तोच आहे, रात्री ते त्यालाच घेऊन जागे असतात. आणि बोलायला अवघड असलं तरी हे पण माहीत असू दे, दहन करणार असाल तर आधी मशीन काढावं लागतं, आगीत बॅटरी फुटते. पुरणार असतील त्यांना तो प्रश्न नाही.

पैशाचं. आज काही लाखांचा खर्च झालाच आहे तर कागद सगळे एका पिशवीत ठेवा. बॅटरी साधारण ७ ते १० वर्षं जाते, शॉक जास्त आले की लवकर संपते, मग डबी तेवढी बदलतात, वायर चांगली असली तर तीच राहते. तोपर्यंत आयुष्मान-आरोग्य कर्नाटकाचं कार्ड करून ठेवा. महात्मा फुले योजना महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना पण लागू केल्याचं जाहीर केलं होतं, त्यावरनं दोन्हीकडं राजकारण झालं ते सोड, तुमचं गाव त्यात बसतंय का आणि कुठला दवाखाना घेतोय एवढं चौकशी करून ठेवायला काय जातंय.

तर ह्या आठवड्यात मामांना घेऊन निघा. कोल्हापूर तुम्हाला बेळगावपेक्षा जवळच आहे. सोबत मशीनचं कार्ड, त्याचा मोबाइलमध्ये फोटो, डिस्चार्जचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि शॉक आला ती तारीख नि वेळ लिहून. आत तू जा, दिरांना नको पाठवू, ते काढून टाका म्हणूनच सुरुवात करणार. आणि जायच्या आधी स्टार्टरचं अर्थिंग तपासून घ्या, लीकेज झालं की लाइन पाडणारा ब्रेकर बसवा, कारण शॉक मशीनचा असो की नसो, तोच स्टार्टर आता तुझा नवरा रोज ओल्या हातानं चालू करतोय. आलेखात काय निघालं ते मला कळव, ५० हर्ट्झची दातेरी रेघ होती का खरंच व्हीटी, मला पण ऐकायचं आहे.